राणीच्या नावापुढचा आकडा

बसमधून उतरून सुलक्षणा शाळेच्या चढाला लागली तेव्हाच तिला व्हरांड्यातली माणसं दिसली. सकाळी गौतमीचा फोन आला होता. "ताई, लगेच या. माझ्या वहीचं पान गावभर फिरतंय."

सुलक्षणा एका संस्थेतर्फे मुळशीतल्या शिक्षकांना त्यांच्याच वर्गात संशोधन करायला मदत करायची. चौथीला शिकवणाऱ्या गौतमीनं प्रश्न निवडला होता : वर्गात मी कुणाला बोलू देते? महिनाभर ती कुणाला किती वेळा विचारलं ते टिपत होती. आधी कचरली होती. "खरं लिहिलं तर माझीच अब्रू जाईल," म्हणाली होती. तेव्हा सुलक्षणानंच शब्द दिला होता, "वही तुझी. तुला विचारल्याशिवाय कुणी बघणार नाही."

आणि गेल्या शुक्रवारी तीच वही वाचताना हरखून जाऊन सुलक्षणानं एका पानाचा फोटो काढला, दुसऱ्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. 'असं लिहा.' मुलांची नावं झाकायचंही तिला सुचलं नाही. फोटोत पान अर्धंच आलं होतं.

वर्गात शाळा समितीचे अध्यक्ष वाल्मीकराव मोबाइल घेऊन उभे होते. समोर वरच्या वाडीची गंगूबाई, मजुरी बुडवून आलेली. तिच्या पदराआड तिची राणी.

"पुन्यांदा वाचा," गंगूबाई म्हणाली.

"राणी, तीन. बोलत नाही," वाल्मीकरावांनी वाचलं.

"माझी पोर मुकी हाय व्हय? घरात दिसभर तोंड मिटत न्हाई तिचं. आन् तुमी गावाला दावता?"

"गावात आलंच कसं हे? बाई, तुमी टाकलं?" वाल्मीकरावांनी गौतमीला विचारलं.

"मी नाही," गौतमी म्हणाली. "विचारा ताईंना. वही मी कुणालाच दाखवली नाही, फक्त त्यांना..."

बोलता बोलता ती थांबली. वळून सुलक्षणाकडे बघू लागली.

फिरत आलेल्या फोटोवर तो टाकणाऱ्याचं नाव नव्हतं. सुलक्षणा नाही म्हणाली असती तर आजचा दिवस निभला असता.

"मी टाकला," ती म्हणाली. "गौतमीला न विचारता. चूक माझी आहे."

गौतमीनं तिच्यावरची नजर काढली, कपाट उघडलं, वही घेतली.

"पान अर्धंच आहे. उरलेलं ऐका." ती वाचू लागली. "राणी बोलत नाही असं मी जूनपासून धरून चाललेय. या महिन्यात अपेक्षाला मी एकेचाळीस वेळा विचारलं, राणीला तीनदा. तिन्ही वेळा तिनं तोंड उघडायच्या आत मी दुसरीकडे वळले. ती बोलत नाही, की मी थांबत नाही?"

अपेक्षा वाल्मीकरावांची नात. त्यांनी मोबाइल खिशात घातला.

"तीनदा?" गंगूबाईनं विचारलं. "म्हैनाभर डोंगर उतरून येती पोर, ती तीनदा इचारायला?"

"हो," गौतमी म्हणाली. पुढे काही सारवासारव केली नाही.

गंगूबाईनं राणीचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या.

सुलक्षणानं त्याच दिवशी ग्रुपवर आपली चूक लिहिली, फोटो काढून टाकला. पण राणी शाळेत आली नाही. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. गौतमी एकटी वाडीवर जाऊन आली. "मी येऊ का?" सुलक्षणानं विचारलं, तर "नको" म्हणाली.

सातव्या दिवशी गंगूबाईच राणीला घेऊन आली आणि वर्गात मागे भिंतीला टेकून बसली. ओढ्याचा धडा चालला होता. "राणी, तुमच्याकडचा ओढा कधी आटतो?" गौतमीनं विचारलं. अपेक्षाचा हात वर गेला. गौतमीनं तो खुणेनं खाली करायला लावला आणि थांबली. वर्ग अवघडून गेला. कुणीतरी खोकलं.

"खालचा आटतो होळीला," राणी म्हणाली. "वरचा न्हाई आटत. तितं खेकडं ऱ्हात्यात."

गौतमीनं ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. गंगूबाई उठली आणि कामावर गेली.

हे सगळं सुलक्षणाला संध्याकाळी फोनवर कळलं, तेही मोजक्या शब्दांत. "आता मी कधी येऊ?" तिनं विचारलं.

"कळवते," गौतमी म्हणाली.

तो फोन दोन महिन्यांनी, फेब्रुवारी उजाडल्यावर आला.