एका ट्यूबने पाहिलेला समुद्र

मित्रांनो, मी ट्रकच्या मागच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. आजही कुणी मोबाइलवर लाटांचा आवाज लावला, तर माझं रबर आक्रसतं. का, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं मी टायरच्या आत अंधारात काढली. वसमतच्या हळदीची पोती माझ्या जिवावर दूरदूर गेली, पण रस्ता कसा असतो ते मी कधी पाहिलं नाही. दोन पंक्चरं झाली, दोन ठिगळं बसली. तिसऱ्या वेळी मालकानं मला शिरड शहापूरच्या एका दुकानामागं फेकून दिलं. तिथून जळबानं मला उचललं आणि तिसरं ठिगळ लावलं.

जळबा सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारा. त्यानं माझ्या मधल्या पोकळीत बाजेसारखी दोरी विणली आणि मला पाण्यावर सोडलं. किती उजेड होता तिथं! तो माझ्यावर बसून दोन फळ्यांनी पाणी कापत जायचा, जाळं टाकायचा, रोहू-कटला घेऊन परतायचा. त्याची बायको भागूबाई ते मासे औंढ्याच्या बाजारात विकायची. "नावेला काय करायचं? माझी ट्यूब बराबर हाय," असं जळबा चारचौघांत सांगायचा, तेव्हा मी फुगून जायचे.

पण उन्हानं माझं रबर तडकत चाललं होतं. तोंडाजवळचं तिसरं ठिगळ कडेनं सुटू लागलं होतं. जळबा त्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "निघतंय अजून दोन साल."

त्यांची लेक आकांक्षा नर्स झाली आणि तिला रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. तिनं आईबापांना समुद्र पाहायला बोलावलं. जळबानं कपड्यांच्या आधी मला गुंडाळलं आणि पोत्यात घातलं.

"अवो, तिला काहून नेता?" भागूबाईनं विचारलं.

"जलम पाण्यावर गेला माझा. एकदा समुद्रावर बसून येतो."

आकांक्षानं मैत्रिणींना विचारून चांगल्या किनाऱ्यांची यादीच केली होती. भाट्याला सुरूच्या बनातून ते वाळूत उतरले. मांडवीची काळी वाळू भागूबाईनं मुठीत घेऊन पाहिली. आरे-वारेच्या घाटात एसटी वळली आणि खाली एकदम निळं पाणी दिसलं, तेव्हा ती खिडकीची दांडी घट्ट धरून म्हणाली, "माय वो, ह्याला पल्याडचा काठच न्हाई!" मी पोत्याच्या भोकातून पाहत होते. माझ्या धरणाला काठ होता. त्या क्षणापासून मला भीती वाटू लागली.

चौथा किनारा अगदी निवांत होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही. जळबानं येताना पंक्चरवाल्याकडून माझ्यात हवा भरून घेतली होती. "ही समुद्रात घालू नका," असं तो माणूस म्हणालाही होता. जळबा नुसता हसला होता.

"बाबा, इथं नको. लाटा बघा केवढ्या," आकांक्षा म्हणाली.

"लाटा तिकडं हायत. ही मधली जागा बघ, कशी शांत हाय. पाणी ते पाणीच, पोरी."

खरंच, दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत होतं. आकांक्षाकडं पिशव्या ठेवून जळबा मला तिथंच घेऊन गेला. मग, कोण जाणे कसं, भागूबाईच म्हणाली, "मला बसवा जरा." इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती. ती बसली, लुगडं गुडघ्यांत आवळलं आणि लहान पोरीसारखी हसली. जळबा दोरी धरून छातीभर पाण्यात उभा होता.

आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. दोरी सुटली.

धरणाचं पाणी मला कधी ओढून नेत नसे. हे पाणी नेत होतं. कुणी दात-ओठ खाऊन ओढावं तसं, आवाज न करता. भागूबाईचं हसू विरलं आणि तिची बोटं माझ्या रबरात रुतली. जळबा झपाझप हात मारत आला आणि त्यानं मला पकडलं. मग तो सरळ काठाकडं पाय मारू लागला. तो जेवढे पाय मारी, तेवढा काठ मागं सरके. त्याला धाप लागली. आणि तेवढ्यात माझं तिसरं ठिगळ उचकटलं.

मित्रांनो, आपल्यातून आपला जीव बुडबुड्यांनी जाताना ऐकणं फार वाईट असतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्यावर बसलेल्या माणसाचा जीवही त्याच बुडबुड्यांतून जातोय हे कळणं. मला ओरडता येत नव्हतं.

"अवो, हिच्यातून हवा येऊन राहिली."

"कुठून?" जळबाचा आवाज चिरका झाला होता.

"गावलं मला. म्या दाबून धरते. तुमी पाय मारा." तिनं सगळा तळवा ठिगळावर टेकला. तो तिथून हलू दिला नाही.

काठावर आकांक्षा किंचाळत होती. तिच्याजवळ एक म्हातारा खारवी, तिथलाच मच्छीमार, धावत आला आणि हात आडवे करकरून काहीतरी सांगू लागला. त्याचा शब्द वाऱ्यानं नेला. मग आकांक्षानं आपली लाल ओढणी उंच धरली आणि ती पळत सुटली. आमच्याकडं नाही, काठाकाठानं, लांब बाजूला. मला वाटलं, संपलं. लेकसुद्धा सोडून चालली.

"लेक तिकडं बोलावून राहिली. तिकडं चला," भागूबाई म्हणाली.

"तिकडं कशाला? काठ तर समोर हाय!"

"एक बार माझं ऐका वो!"

जळबानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं काठाकडचं तोंड फिरवलं आणि ओढणीच्या दिशेनं, किनाऱ्याला समांतर पाय मारू लागला. मी निम्मी मऊ पडले होते. भागूबाई कमरेपर्यंत बुडाली होती. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. पण हळूहळू ती ओढ सैल पडली. एक लाट मागून आली आणि तिनं आम्हाला काठाकडं ढकललं. मग दुसरी आली. म्हातारा छातीभर पाण्यात उभा होता. त्यानं भागूबाईची बखोट धरली.

"लाट फुटत नाय ना, तिथंच पाणी आत खेचतं. सुटायचं तर आडवं जायचं, सरळ नाय," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "आधी इचारायचं तरी कोणाला."

जळबा वाळूत बसला. त्याचे दात वाजत होते. आकांक्षा आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मध्येच तिची नाडीही पाहत होती. मग जळबा बोलला.

"भागू, दोरी सुटली तवा माझं काळीजच बंद पडलं. असं भ्याव म्या कवा पाहिलं न्हाई."

भागूबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "मला रोजचंच हाय ते. तुमी धरणात जाता, म्या काठावर उभी असते. रोज असंच होतंय. कवा बोलले न्हाई इतकंच."

 जळबानं खाली मान घातली.

गावी परतल्यावर त्यानं विळ्यानं माझं तोंडच कापून टाकलं. पुन्हा कुणी माझ्यात हवा भरू नये म्हणून. मला दुखलं, पण राग आला नाही. आता मी शेळ्यांच्या चाऱ्याच्या टोपलीखाली अंथरलेली असते. जळबा आकांक्षानं पाठवलेलं, पाण्यात तरंगवणारं केशरी जाकीट घालून नावेतून धरणात जातो.

मित्रांनो, झिजलेल्या वस्तूला "मी थकले" असं सांगता येत नाही. तिचं सुटलेलं ठिगळ तुम्हीच बघा. आणि अनोळखी पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. त्यात कमीपणा नसतो.

आणखी एक. रत्नागिरीत, वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी आकांक्षानं यादीतला पाचवा किनारा रद्द केला होता. भागूबाईनं ऐकलं नाही. "लांबून बघू. बघितल्याबिगर गेले तर भ्यावच जिंकलं," ती म्हणाली. ते गेले. लाटांपासून पन्नास पावलं दूर, कोरड्या वाळूत दोघं बसले. आणि सगळ्या लोकांसमोर, दिवसाउजेडी, जळबानं बायकोचा हात धरला होता. उठेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.