तक्त्याची शेवटची ओळ

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि मी घाबरलो.

"वा, निशा! शेवटची ओळपण वाचलीस! आजोबा, असंच असेल तर आता पट्टी बंद करू या."

पट्टी बंद!

निशा माझी नात, सात वर्षांची. तिचा डावा डोळा आळशी आहे, म्हणजे वरून चांगला दिसतो, पण लहानपणापासून मेंदू त्याचं ऐकतच नाही. म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायची आणि डाव्याला कामाला जुंपायचं. "वय वाढलं की सुधारणं अवघड होत जातं. आत्ताचे दिवस घालवू नका," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुलगा आणि सून शालू दोघंही हाटकेशच्या कारखान्यांत कामाला जातात, त्यामुळे पट्टीची जबाबदारी माझी.

पण पट्टी लावली की पोर रडायची, भिंत चाचपत चालायची. मागच्या तपासणीत तर पहिल्याच ओळीला अडली, आणि बाकावरची माणसं बघत होती. मी जालन्याच्या शाळेत तीस वर्षं क्लार्क होतो. शिकलो म्हणून माणसात आलो. नापास हा शब्द आमच्या घरात कुणी खपवून घेत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना तक्त्यावरची अक्षरं कागदावर उतरवून घेतली. मग पेणकरपाड्याच्या घरी, शालू कामावर गेली की पट्टी काढायची आणि ओळी पाठ करून घ्यायच्या. तीन महिने हेच. पोरगी हुशार, उलटसुलट म्हणायला लागली. वाटलं, आधी धीर येईल, मग डोळाही वळणावर येईल. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

"उतर बाळा," बाई म्हणाल्या आणि लिहायला बसल्या.

तपासणीसाठी लावलेली पट्टी उजव्या डोळ्यावर तशीच होती. निशा खुर्चीवरून उतरली, हसत आमच्या बाकाकडे धावली आणि माझ्या शेजारच्या परक्या गृहस्थांचा हात धरला. माझ्यासारखाच पांढरा शर्ट, माझ्यासारखंच टक्कल.

"आजोबा, पास झाले ना मी?"

ते बिचारे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. बोललो तर शालू मला पुन्हा नातीजवळ फिरकू देणार नाही, याची खात्री होती. आणि बाईंचं पेन कागदावर चाललंच होतं.

"लिहू नका, बाई," मी कसाबसा म्हणालो. "तिला ते सगळं पाठ आहे. मीच करून घेतलंय. घरी पट्टीपण मीच काढायचो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"किती दिवस?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तीन महिने."

त्यांनी कपाटातून दुसरा तक्ता काढून भिंतीला टांगला आणि निशाला पुन्हा खुर्चीवर बसवलं. सगळ्यात वरचं अक्षर पंजाएवढं होतं. मला बाकावरून, चष्म्याशिवाय दिसत होतं.

निशा बराच वेळ मान पुढे काढून बघत राहिली. ती अडली की ओठ हलवायची मला सवय लागली होती. मी तोंडावर हात दाबून धरला.

"डॉक्टर," शेवटी ती म्हणाली, "हा तक्ता खराब झालाय. याच्यावर नुसते डाग आहेत."