कोरडे हात

सोनाबाईंनी कागद हातात घेतलाच नाही. पोटरीभर चिखलात वाकून त्या उन्हाळी भाताची रोपं लावत होत्या आणि बांधावर उभ्या असलेल्या सुरभीकडे त्यांनी पाठ करून ठेवली होती. कडाव गावात पाहुणा उन्हातून आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. सुरभीला येऊन अर्धा तास झाला, तरी तांब्याचं नाव नव्हतं.

"सोनाबाई, एक सही द्या. नाहीतर अंगठा चालेल."

"कशापायी?"

"त्या दिवशी 'हाक'चं बटण दाबलं गेलं नव्हतं, एवढंच लिहिलंय यात."

"म्हंजे मी खोटी."

"तसं कुठे म्हटलंय?"

"मंग काय म्हनलंय?"

सुरभीने कागद पुन्हा पुढे केला. पुण्याच्या एका कंपनीत ती डिझायनर होती. फोनवरचं बटण केवढं असावं, कुठे असावं, माणसाचं बोट आधी कुठे जाईल, हे ठरवून ती पगार घेत असे. 'हाक' हे अ‍ॅप तिचंच. शेतात कुणाला साप चावला की लाल बटण तीन सेकंद दाबून धरायचं. त्याभोवतीचं कडं भरत आलं की गावातल्या गाडीवाल्याचा आणि कर्जतच्या दवाखान्याचा फोन एकदम वाजायचा. पोरांनी खेळता खेळता बोट लावून भलत्या वेळी गाडी बोलवू नये, म्हणून तीन सेकंद. या विचारासाठी तिला बक्षीस मिळालं होतं. आता खालापूर तालुक्यातही 'हाक' द्यायचं चाललं होतं. मध्ये कडावची ही एकच भानगड उरली होती.

भानगड म्हणजे सोनाबाईंची सून मैना. गेल्या जुलैत लावणीत तिला घोणस चावली. गाडी आलीच नाही. शेवटी सोनाबाई रस्त्यापर्यंत धावल्या, त्यांनी आडवं होऊन दुधाचा टेंपो थांबवला. या सगळ्यात तास गेला. मैना वाचली, पण तिचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

कंपनीच्या नोंदीत त्या दिवशी बटण दाबल्याचं कुठेच नव्हतं. म्हातारी भांबावली, गाव म्हणालं. गावाचं काय, ते दोन्हीकडून बोलतं. पण सोनाबाईंचा मुलगा रोहिदास त्या दिवसापासून आईशी बोलत नव्हता. मैनाने शुद्धीवर आल्यावर त्याला सांगितलं होतं, मी बांधावर तळमळत होते नि आई फोन पुशीत बसल्या होत्या. ते वाक्य त्याने गाठीला बांधून ठेवलं. एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून, सहा महिने.

आज त्याला कारखान्याची सुट्टी होती. सुरभीला शेतावर तोच घेऊन आला होता. तो तिच्या शेजारी उभा राहून आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"म्याडम, त्यांना सांगा, सही करा नि मिटवून टाका. फोन काय खोटं बोलत नाय. खोटं मानूस बोलतो."

सोनाबाई सरळ झाल्या. रोपांची जुडी त्यांनी तिथेच टाकली आणि बांधाजवळ येऊन पहिल्यांदाच सुरभीकडे पाहिलं.

"उतर खाली."

"मी?"

"तू. चप्पल काढ नि उतर. हात घाल चिखलात, मनगटापर्यंत."

रोहिदास काहीतरी बोलू गेला, पण सुरभी रागातच उतरली. एवढ्यावर सही मिळत असेल तर मिळू दे. गार चिखलात तिचे पाय रुतले. तिने हात बुडवून बाहेर काढले. सोनाबाईंनी बांधावरच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला फोन काढला, कडांना धरून तिच्यापुढे केला. पडद्यावर लाल बटण होतं.

"दाब."

"गाडी येईल उगाच."

"येऊ दे की. आली तर सही करते मी."

सुरभीने दाबलं. कडं थोडं भरलं आणि एकदम मागे गेलं. तिने जोर लावला. बोट चिखलावरून सरकलं, कडं पुन्हा रिकामं. मग पडद्यावर पाणी पसरलं आणि भलतंच काहीतरी उघडलं. तिने हात ड्रेसला पुसला, पडदा ओढणीने पुसला, परत दाबलं. नखाच्या कडेचं पाणी परत खाली उतरलं.

"तेव्हा चाचणीत सगळ्यांना जमलं होतं," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "तुम्हालाही. माझ्याकडे फोटो आहेत."

"जमनारच. देवळात बोलावलं व्हतंस ना आमाला? पुन्याची बाय येनार, नवी वस्तू हाताळायला देनार, म्हनून बाया हात घासून, चांगली लुगडी नेसून आल्या. भरल्या हातानं नव्या वस्तूला शिवतं का कोन? हळदकुंकू वाह्यलं आमी तुज्या फोनला. तवा लय आवाडलं तुला."

आवडलं होतंच. बक्षिसाच्या समारंभात सुरभीने तोच फोटो सगळ्यात शेवटी दाखवला होता. ओळीने बसलेल्या बाया, स्वच्छ कोरडे हात, पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट. लावणीतले हात कसे असतात, हे पाहायला ती जुलैत आलीच नव्हती. काम तर मे महिन्यातच पूर्ण झालं होतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"दाबलं म्हनून सांगतच व्हते. का वाजलं नाय ते मला तरी कुठं ठावं? घरात कोरड्या हातानं धरलं तर कडं भरायचं, मीच बोट काढून घ्यायची. चार दिस झाले, लावनी सुरू झाली. भरल्या हातानं दाबून बगितलं नि कळलं. सांगायचं कुनाला? ऐकनारा बोलत नाय."

आणखी एक गोष्ट सुरभीला ठाऊक होती, जी सोनाबाईंना कुणी सांगितली नव्हती. अर्धवट दाबलेलं बटण नोंदीत येतच नाही. उगाच कचरा साठतो म्हणून ते तिनेच काढून टाकलं होतं. सोनाबाईंनी तेव्हा शंभरदा दाबलं असतं तरी नोंद कोरीच राहिली असती. तिला स्वतःची शिसारी आली.

"दाबलं असणार यांनी," ती रोहिदासला म्हणाली. "अर्धवट दाबलेलं आम्ही लिहूनच ठेवत नाही. चूक माझी आहे."

रोहिदासने फोन तिच्या हातातून ओढून घेतला. तो पँटसकट चिखलात उतरला, हात बुडवला, दाबलं. पुन्हा दाबलं. मग फोन शर्टाला घासू लागला. आधी बाहीला, मग पोटाशी धरून, दात-ओठ खात. पडदा नुसता बरबटत होता.

शेताला लागूनच घर होतं. दारात मैना कुबडीवर उभी होती. कधीपासून, कुणाला ठाऊक. ती नवऱ्याकडे टक लावून पाहत होती.

"आई," तिने हाक मारली, "तवा तुमीबी असंच पुशीत व्हता ना?"

रोहिदासचा हात थांबला. तो बांधावर चढला, घरात गेला आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आला. सुरभीला वळसा घालून तो आईसमोर उभा राहिला.

"आई, हात धू."

सोनाबाईंनी तांब्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून मघाशी टाकलेली रोपांची जुडी उचलली.

"आता नको," त्या म्हणाल्या. "अजून दोन वाफे लावायचे हायत."