अर्ध्यावरचं कीर्तन

पुण्याच्या पेपरात दर आठवड्याला एक सदर येतं. शहरातल्या कुठल्या गॅलरीत काय लागलंय, कधीपर्यंत आहे, हे त्यात असतं. कुणाची जलरंगातली चित्रं, कुणाची मातीची भांडी, कुणी काढलेले बिबट्यांचे फोटो. तिथं नर्सिंगला असलेल्या ज्योतीनं ते पान मोबाईलवर आजोबांना पाठवलं, तर भांड्यांच्या आणि बिबट्यांच्या मधोमध राधाकृष्ण महाराज उभे. डोक्याला फेटा, गळ्यात टाळ, तोंड किंचित उघडं. खाली महाराजांच्या मुलाचं, अमृतचं नाव, आणि 'चुकवू नये असं प्रदर्शन' असा शेरा.

पाथर्डीच्या पलीकडच्या त्या गावात दुपारच्या आत ही बातमी देवळात पोचली. महाराजांचं कीर्तन पुण्यात लागलंय, म्हणून लोक एकमेकांना सांगत सुटले. सिनेमा लागतो तसं कीर्तन लागलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट पोरानं बापाचं नाव काढलं, असंच सगळे म्हणाले.

ज्योतीच्या आजोबांना, सूर्यभानला, तर आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटलं. उभा जन्म तो महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिला होता. जे कीर्तन लागलं ते महाराजांचं शेवटचं, गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहातलं काल्याचं. अमृत कॅमेरा घेऊन आला म्हणून गावानं त्याला अगदी पुढं जागा दिली, त्याला आडवा येतो म्हणून मांडवाचा एक खांबसुद्धा हलवला.

त्या दिवशी निरूपण रंगात आलं असताना महाराज थांबले. पुढचं सुचेना. डोळे नुसते मांडवभर फिरत राहिले. कीर्तन ऐकणाऱ्याला हे नवं नाही. बुवांना ठसका लागतो, दम लागतो, एखादी ओवी ऐनवेळी दगा देते. तेवढ्यासाठीच तर मागं टाळकरी असतात. बुवा थांबले की त्यांनी नाम उचलायचं, मृदंगानं साथ धरायची, आणि बुवा सावरेपर्यंत सोडायचं नाही. समोरच्याला कळतही नाही की मध्ये काही झालं होतं. सूर्यभाननं नाम उचललं, मागोमाग सगळा मांडव उठला, आणि त्या गजरात महाराजांना आपली वाट सापडली. हंडी फुटली, आरती झाली, प्रसाद झाला. नंतर डॉक्टरांनी त्या विसराळूपणाला नाव दिलं. गावानं मात्र त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. महाराजांना कीर्तनाला उभं करणं तेवढं बंद केलं, आणि मानाची जागा पुढं ठेवली.

सूर्यभान महाराजांना ते दाखवायला पुण्याला नेणार होता. निघायच्या दिवशी महाराजांच्या मंडळी, रंगुबाई, यांनी नवऱ्याला धुतलेलं धोतर नेसवलं. सूर्यभानच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला, अमृतला आवडतात म्हणून. मग पदराच्या गाठीतून एक पेन ड्राईव्ह काढला.

"भाऊजी, त्याला म्हणावं, सगळं कीर्तन यात भरून दे. आरतीसकट. ह्यांना दिवस-दिवस बोलणं सुचत न्हाई आता. घरात आवाज तरी राहील."

"आणतो, वहिनी," सूर्यभान म्हणाला. "आणल्याबिगर येत न्हाई."

गॅलरीच्या दारात दोघांनी चपला काढल्या. दारावरच्या माणसानं घालून या म्हणून सांगितलं. सूर्यभाननं घातल्या, महाराजांनी काही घातल्या नाहीत. कीर्तन आहे म्हटल्यावर ते चपला घालून आत कसे जातील? ज्योती बाहेर वाट पाहत होती, तिनं त्यांचा हात धरला.

आत गारठा आणि अंधार. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर महाराज. सूर्यभानचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यानं नीट पाहिलं.

पडद्यावरचे महाराज थांबलेले होते. तोंड उघडं, डोळे काहीतरी शोधणारे. मृदंग नाही, टाळ नाही, नाम नाही. नुसता त्यांचा श्वास, खोलीभर मोठा केलेला. चेहरा आणखी जवळ येत गेला, ओठ थरथरताना दिसले. सूर्यभान वाट पाहत होता, आता आपला आवाज येईल. पडदा काळा झाला, आणि महाराज पुन्हा पहिल्यापासून अडकले. भिंतीवर नाव लिहिलं होतं, 'विस्मरण'. एक मुलगी डोळे पुसत होती.

अमृत लगबगीनं आला, वडिलांच्या पाया पडला. लोकांना फार भिडतंय, इथून हे दिल्लीला जाणार आहे, असं सांगू लागला. सूर्यभाननं ते ऐकून घेतलं.

"आमी कुठं हाय यात?"

"काका, तुमचे आवाज ठेवले असते तर ते नुसतं कीर्तन झालं असतं."

"मग कीर्तनच हुतं ना ते."

अमृत समजावून सांगायला लागला. हे गावाबद्दल नाही, एका माणसाच्या आत काय तुटतं त्याबद्दल आहे. तो खोटं बोलत नव्हता. बापाच्या आजारानं त्याचीही झोप उडाली होती, आणि त्याला जे येत होतं ते त्यानं केलं होतं. पण सूर्यभानला एवढंच दिसत होतं की दिल्लीपर्यंतचे लोक हे बघणार आणि म्हणणार, म्हातारा एकटा उभा होता, मागं कुणी नव्हतं. त्यानं वाद घातला नाही. खिशातून पेन ड्राईव्ह काढला.

"ते तुझं तुला. वहिनींनी सगळं कीर्तन मागितलंय. आरतीसकट."

अमृतनं पेन ड्राईव्ह हातात घेतला नाही.

"बाकीचं ठेवलं नाही, काका. पुढच्या शूटिंगला कार्ड रिकामं लागत होतं. एवढंच ठेवलं."

सूर्यभान काही बोलणार, तेवढ्यात महाराजांनी त्याची बाही ओढली. ते पडद्याकडे पाहत होते.

"कुठल्या गावचं कीर्तन आहे हे?"

सूर्यभाननं पेन ड्राईव्ह परत खिशात घातला.

"बुवा अडकलेत," महाराज हळू आवाजात म्हणाले. "टाळकरी कुठं गेले यांचे? पोरगं नसेल त्यांना. पोरगं असतं तर त्यानं तरी धरलं असतं."

आणि त्यांनी टाळी धरली. पडद्यावरच्या परक्या बुवांसाठी महाराजांनी स्वतः नाम उचललं, खणखणीत, वर्षभरात घरानं ऐकला नव्हता असा आवाज. सूर्यभान त्यांच्या मागं उजव्या हाताला जाऊन उभा राहिला आणि त्यानं साथ धरली. ज्योतीनंही धरली. लोक बाजूला सरकले. अमृतनं मोबाईल वर उचलला.

सूर्यभाननं ते पाहिलं. त्याचा आवाज तुटला. आपण आता जे गातोय त्यातूनही हा आपल्याला काढून टाकील आणि फक्त म्हातारा ठेवील, हे त्याला कळलं होतं. महाराजांनी मागं वळून पाहिलं. तोंड उघडं, डोळे शोधणारे. पडद्यावर होते तसेच.

सूर्यभाननं पुढचं नाम घशातून ओढून काढलं. मोबाईलच्या आणि महाराजांच्या मध्ये येऊन, अमृतकडे पाठ करून तो गाऊ लागला.

पण पडद्यावरचे बुवा काही सावरत नव्हते. दर वेळी पडदा काळा व्हायचा आणि ते पुन्हा अडकायचे, आणि महाराज पुन्हा नाम उचलायचे. घाम फुटला, आवाज बसायला आला. ज्योतीनं पाणी पुढं केलं तर घेईनात. आरतीआधी कीर्तनातून हलायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं.

"बंद कर ते," सूर्यभान वळून म्हणाला.

"गॅलरी सहापर्यंत चालू असते, काका. आणि लोक बघतायत."

तेव्हा सूर्यभाननं माळकरी तोंडानं खोटं बोलायचं ठरवलं. पडदा काळा झाल्याबरोबर त्यानं महाराजांचे दोन्ही हात धरले. "आठवलं बुवांना. झाली आरती." मग लाडवांचा डबा उघडला आणि प्रसाद वाटायला लागला. रडणाऱ्या मुलीला दिला, दारावरच्या माणसाला दिला. महाराजांनी तो कपाळाला लावून खाल्ला. शेवटी अमृतनं हात पुढं केला. प्रसाद कुणाला नाही म्हणता येत नाही. सूर्यभाननं त्याच्या हातावर लाडू ठेवला, तोंडाकडे पाहिलं नाही.

गाव आलं तेव्हा रंगुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी महाराजांना आत नेऊन निजवलं, मग बाहेर येऊन डबा हातात घेतला. रिकामा पाहून त्यांना बरं वाटलं.

"खाल्ले त्यानं?"

"खाल्ला."

"आणि कीर्तन?"

सूर्यभानच्या मुठीत पेन ड्राईव्ह तसाच होता. तिथं अजून लागलंय, तो म्हणाला, लोक येतायत बघायला. पुढं दिल्लीला जायचंय.

रंगुबाईंनी पदर सावरला.

"मग राहू द्या, भाऊजी. घाई न्हाई. आधी लोकांना ऐकू द्या."