चूक कुणाची, चाफ्याची की दुधीची?

टक्कर झाली तेव्हा पत्र्याच्या आवाजाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण त्याच्या आधी दुधी आले. प्रितेशच्या टेम्पोच्या हौद्यातून धबाधबा, एकामागून एक, उड्या मारत, वरातीत नाचायला निघाल्यासारखे. मग निधीच्या टेम्पोतल्या सोनचाफ्याच्या पाट्या कलंडल्या आणि खाडीकाठच्या त्या बंद पडलेल्या मिठागराच्या पांढऱ्या, भेगाळलेल्या जमिनीवर पिवळा सडा पडला. दोन्ही तीनचाकी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, तिरक्या होऊन, धूर सोडत उभ्या राहिल्या.

निधी हँडल घट्ट धरून बसली होती. खरचटलंसुद्धा नव्हतं. काचेतून तिने समोर पाहिलं. प्रितेशच्या केसांत चाफ्याचं एक फूल अडकलं होतं आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

‘झालं एकदाचं,’ निधी मनात म्हणाली आणि तिला एवढं हसू आलं की ते लपवायला तिने ओढणी तोंडात कोंबली.

कारण टक्कर तिने मुद्दाम केली होती.

शिमगा सरला की तिसऱ्या दिवशी गावात मालाच्या गाड्यांची शर्यत लागायची. पूर्वी बैलगाड्या असत, आता टेम्पो. नियम बैलगाड्यांचेच राहिले होते. आपल्या वाडीचा माल हौद्यात भरूनच पळायचं. आणि टक्कर झाली, तर ज्याची चूक त्याने महिनाभर समोरच्या घरचा माल बाजाराला पोचवायचा. उजाडता उजाडता त्यांच्या दारात हजर व्हायचं, आपल्या हाताने माल चढवायचा, त्या घरच्या माणसाला शेजारी बसवून आगाशीचा बाजार गाठायचा. त्या घरानेही चहा आणि गरम भाकरी दिल्याशिवाय चुकलेल्या गड्याला सोडायचं नाही. ह्याला म्हणायचं भरपाईचा महिना.

निधीला तो महिना हवा होता. प्रितेशच्या अंगणातल्या तीस सकाळी हव्या होत्या. दोन वर्षं दोघं बाजारात शेजारी शेजारी टेम्पो लावत होते आणि दोन वर्षांत तो तिच्याशी एकूण चार वाक्यं बोलला होता. त्यातली दोन हॉर्नबद्दल होती. त्यात परवा बाजारात बातमी आली, की येत्या रविवारी प्रितेशची आई जयवंती त्याला घेऊन सफाळ्याला मुलगी बघायला निघाली आहे. मग निधीने रात्रभर विचार केला आणि सकाळी टेम्पोत ब्रेक ऑइल भरताना ठरवून टाकलं, की आज चुकायचं. सगळ्यांच्या देखत, कुणाला शंकाच राहू नये असं चुकायचं.

“ठोकलान! माझ्या पोरीला ठोकलान!” निधीचे वडील रामनाथ मंडपातून धावत आले ते दुधीवर पाय देऊन घसरले, सावरले आणि तोच दुधी उचलून भाल्यासारखा उगारत पुढे आले.

“तुमच्या पोरीनं माझ्या पोराला ठोकलान!” जयवंती कमरेला पदर खोचून समोर उभी. “आनि तो दुधी खाली ठेवा. आमचा हाये.”

तेवढ्यात तिसरा टेम्पो शांतपणे बाजूने गेला आणि रेषा ओलांडून थांबला. रॉकी, केळीवाला. दरवर्षी शेवटून पहिला यायचा. तो खाली उतरला, दोन्ही हात वर करून उभा राहिला. कुणी बघितलं नाही. जरा वेळाने त्याने एक हात खाली घेतला.

सगळं गाव टकरीभोवती जमलं. निवाडा करायचा होता दोघांनी. एक कृष्णाबाई. गावातल्या प्रत्येक लग्नात धवळे गायलेली, ऐंशी वर्षांची, तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. दुसरा परेश. तो आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायचा, अंधेरीला नोकरी करायचा आणि रविवारी टीव्हीसमोर बसून जगभरच्या मोटारींच्या शर्यती बघायचा. रामनाथांकडून फुलं घेता घेता त्याने एवढं ज्ञान पाजळलं होतं, की यंदा त्यालाच पंच म्हणून बोलावलं होतं. तो चौकड्यांचा टेबलक्लॉथ झेंडा म्हणून घेऊन आला होता.

“शांत, शांत,” परेश म्हणाला. “आधी मला सांगा, वळणावर आत कोण होतं?”

“हे बघा.” रामनाथांनी पाटी पालथी घातली आणि तिच्यावर दुधी ठेवला. “हा माझ्या पोरीचा टेम्पो.”

“आमचा दुधी तुमचा टेम्पो कसा होईल?” जयवंती म्हणाली. “तुम्ही चाफा घ्या.”

“चाफ्याचं फूल टेम्पोएवढं दिसतं का?”

शेवटी कुणीतरी वांगं आणून दिलं. मग दुधी आणि वांगं पाटीवरून सात वेळा पळाले आणि सातही वेळा आपटले. चार वेळा चूक दुधीची निघाली, तीन वेळा वांग्याची. आठव्या वेळी वांगं फुटलं.

निधीला वाटलं, आता आपण बोलायला हवं. “माझीच चूक आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “मीच हँडल वळवलं.”

रामनाथ थबकले. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. “हिच्या डोक्याला मार लागलाय. पानी आना रे.”

“मला काही झालेलं नाही, पप्पा. चूक माझी आहे. शंभर टक्के.”

“गप. तुला कलत नाय काही. ड्रायव्हरला कलत नाय, बघनाऱ्याला कलतं.”

निधीचा पुढचा शब्द ओठांवर होता, तेवढ्यात मागून प्रितेश पुढे आला. केसांतलं फूल अजून तसंच. “काका, ती खोटं बोलतेय,” तो म्हणाला. “चूक माझी आहे.”

निधी त्याच्याकडे बघतच राहिली. हा काय नवीन घोळ?

“प्रित्या!” जयवंती ओरडली. “ऊन लागलंय का रे तुला?”

“मी आधी वळवलं,” निधी म्हणाली.

“मी जास्त वळवलं,” प्रितेश म्हणाला.

“मी इंडिकेटरसुद्धा दिला नाही.”

“माझ्या टेम्पोला इंडिकेटरच नाही.”

“मी ब्रेक मारलाच नाही!”

“मी तर गिअर वाढवला!”

गाव कधी इकडे, कधी तिकडे माना वळवत होतं. कुणीतरी शिट्टी मारली. निधीचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. हा मुलगा भला माणूस म्हणून स्वतःवर घेतोय, की एका बाईमाणसाला शिक्षा नको म्हणून? त्याच्या ह्या भलेपणात तिचा महिना बुडत होता. बरं, त्याची चूक ठरली तर तोच तिच्या अंगणात येईल, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि ते आलं तेव्हा मात्र तिने घाईघाईने पुन्हा ओढणी तोंडाशी नेली. म्हणजे चूक कुणाचीही निघाली तरी जीत आपलीच!

नेमका त्याच वेळी परेशने घसा खाकरला.

“हे बघा, माझा निर्णय झालाय,” तो म्हणाला. “दोघंही प्रामाणिक आहेत, दोघंही वेगात होते, जागा कमी होती. मोठ्या शर्यतींमध्ये अशाला रेसिंग इन्सिडेंट म्हणतात. म्हणजे शर्यत म्हटली की असं व्हायचंच. चूक कुणाचीच नाही. शिक्षा कुणालाच नाही. आपापला टेम्पो आपापल्या घरी न्या.”

निधीच्या पायांखालची मिठाची जमीन सरकली. कुणाचीच नाही? सगळ्या निकालांत हाच एक असा होता, की ज्याने तिचं काहीच उरत नव्हतं. ना तिचा महिना, ना त्याचा. आणि रविवार चार दिवसांवर.

“असं कसं कुणाचीच नाही?” ती आणि प्रितेश एकदम ओरडले.

आणि मग दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं.

“अहो, मी तुम्हाला दोघांना वाचवतोय,” परेश गोंधळून म्हणाला. “आजवर ड्रायव्हर लोक चूक दुसऱ्यावर ढकलताना पाहिले. चूक ओढून घेण्यासाठी भांडणारे तुम्हीच पहिले.”

“वळणावर तू बांबूला मोबाईल बांधला होतास ना?” निधी म्हणाली. “तो लाव. त्यात दिसेल मी कशी चुकले ते.”

“लावाच,” प्रितेश म्हणाला. “त्यात मी दिसेन.”

मोबाईल आणला. उन्हात पडद्यावर काही दिसेना, तेव्हा जयवंतीने पदर सोडून परेशच्या डोक्यावर धरला. त्या पदराखाली रामनाथ घुसले, कृष्णाबाई वाकून घुसली, मग निधी, मग दुसऱ्या बाजूने प्रितेश. एका पदरात सहा डोकी आणि एक मोबाईल. चाफ्याचा आणि घामाचा वास.

“हळू लावतो,” परेश म्हणाला. “फ्रेम बाय फ्रेम.”

पडद्यावर दोन टेम्पो मुंगीच्या पावलांनी वळणाशी आले. निधीच्या टेम्पोच्या डावीकडे एक बैलगाडी निघून जाईल एवढी जागा. प्रितेशच्या उजवीकडेही तेवढीच.

“जागा तर भरपूर होती,” परेश पुटपुटला. “आता बघा... निधीचा हात... हँडल उजवीकडे. म्हणजे प्रितेशकडे! बघा, हिने मुद्दाम आत घातला टेम्पो!”

“हेच तर मी सांगत होते,” निधी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

“थांबा, थांबा. हा काय प्रकार? प्रितेशचा हात... डावीकडे. हिच्याकडे! त्याच फ्रेममध्ये!” परेशचा आवाज चढत गेला. “अहो, अपघात टाळायला माणूस लांब वळवतो. हे दोघं एकमेकांच्या अंगावर वळवतायत! एकाच क्षणी! असं कसं?” त्याने अजून एक फ्रेम पुढे ढकलली. “आणि... आणि दोघं हसतायत?”

त्याने पडदा बोटाने पुसून पुन्हा बघितला.

निधीने मान वर केली. पदराच्या त्या हिरव्या उजेडात प्रितेश तिच्याकडेच बघत होता, आणि त्याचे कान तिच्या कानांपेक्षा लाल होते. त्यालाही तिच्या अंगणातल्या सकाळी हव्या होत्या तर! तिला वाटलं, आता आपण इथेच, ह्या मिठागराच्या मधोमध, चारचौघांत मोठ्याने ओरडणार. पण तिने फक्त त्याच्या केसांतलं फूल काढलं, आणि ते का काढलं हे कुणी विचारायच्या आत पुन्हा तिथेच खोचलं.

जयवंतीने पदर खाली सोडला. उजेड आला तसा तिच्या डोक्यातही आला. “अगो बाई,” ती म्हणाली.

“काय झालं?” रामनाथ म्हणाले. “कोनाची चूक निघाली?”

“तुमचं डोकं निघालं,” जयवंती म्हणाली.

परेश टेबलक्लॉथने घाम पुसत होता. “नियमाप्रमाणे दोघांचीही शंभर टक्के चूक. म्हणजे दोनशे टक्के. पण मला कळत नाही, की ह्याची शिक्षा—”

“त्ये माझ्यावर सोड,” कृष्णाबाई म्हणाली. तिने चंची काढली, पान लावलं, तोंडात घातलं, सगळं गाव ताटकळत ठेवलं. मग उभी राहिली, एक हात कानाशी नेला आणि लग्नाच्या मंडपात उठवावी तशी चाल उठवली:

“उजवीकडं रान मोकळं, डावीकडं रान मोकळं,
मधल्या वीतभर वाटंवर दोघांचं चाक अडकलं.
चाफा सांडला खाली गं, दुधी त्यावरी निजला,
चुकला कोन पुसता पुसता गाव सारा हसला.”

बाया टाळ्या वाजवू लागल्या. रॉकीनेही, हात खाली घेऊन, टाळ्या वाजवल्या.

“दोघं चुकली, दोघं भरतील,” कृष्णाबाई गाणं थांबवून म्हणाली. “हिच्या टेम्पोचं पुढचं चाक वाकलंय, म्हंजे दोन्ही घरचा माल प्रितेशच्या टेम्पोत. चाफा आनि दुधी, एका हौद्यात. महिनाभर. सकाळचा चहा एका दिवशी हिच्या दारी, एका दिवशी त्याच्या.”

“पन रविवारी सफाळ्याला...” जयवंतीने तोंड उघडलं.

“भरपाईच्या महिन्यात चुकलेला गडी दुसऱ्या कामाला जातो का? कधी गेलाय?”

जयवंतीने लेकाकडे बघितलं, केसांत फूल घेऊन बावळटासारखा उभा. मग निधीकडे. मग तिचं तिलाच हसू फुटलं. “सफाळ्याला फोन करते,” ती म्हणाली. “सांगते, पोराची चूक झाली.”

“पन चूक नक्की काय झाली?” रामनाथ अजून विचारत होते, आणि कृष्णाबाई त्यांना दंडाला धरून मंडपात घेऊन चालली होती.

मोकळ्या मैदानात निधी आणि प्रितेश उरले. दोघं वाकून माल गोळा करू लागले, ती दुधी, तो चाफा.

“पुढे एकच सीट आहे,” शेवटी प्रितेश म्हणाला. “बाजूला वीतभर जागा उरते फक्त.”

“मग तिथे तू बस,” निधी म्हणाली. “टेम्पो मी चालवणार.”

“माझा टेम्पो?”

“तुला चालवता येतो का? आत्ताच सगळ्या गावाने बघितलं, तू कुठे वळवतोस ते.”

“आणि तू कुठे वळवतेस?”

“तिथेच,” निधी म्हणाली, आणि त्याच्या हातात दुधी देऊन केबिनच्या दिशेने पळत सुटली.