न कापलेली कडी

वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून सपना जमिनीवर नव्हतीच. अकरावीतली पोर, पण बंजारा तांड्यातून चालायची अशी, की जणू तिथला मुखिया, नायकच, फेरी मारायला निघालाय! त्यामुळे ताईच्या टोपलीचा विषय निघाला तेव्हा तिनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. "मी आणते," म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

थोरल्या बहिणीचं, रुपाताईचं, लग्न सहा दिवसांवर आलं होतं. फेऱ्यांच्या वेळी नवरीच्या दोन्ही कानांवर, केसांत गुंफलेली चांदीची टोपली हवी आणि तिच्याखाली घुगऱ्यांचे, म्हणजे बारीक घुंगरांचे, झुबके. एरवी आताच्या पोरी हे घालत नाहीत, पण लग्नात त्याशिवाय भागत नाही. घरच्या जोडीतली उजवी टोपली जागेवर होती. डावी दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाताना कुठं पडली, देव जाणे. नवी घडवायला वेळ नव्हता, आणि तसली जुनी नक्षी उठवणारा हातही आसपास उरला नव्हता. आता एकच रस्ता होता: सराफांच्या दुकानी जाऊन मोड चाळायची. मोड म्हणजे लोकांनी विकलेले, वितळायच्या वाटेवर निघालेले जुने दागिने.

निघताना याडीनं, म्हणजे आईनं, दारातच अडवलं.

"आधी टोपली केसांत अडकवायची कडी बघ. नवरा गेला की बाईची टोपली उतरवतेत, अन् कडी कापूनच सराफाला देतेत. पुन्हा कुणी घालू नये म्हणून. कापलेली असली तर फुकटबी घ्यायची न्हाई."

"अन् न कापलेली असली तर?"

"तर ती सवाशिणीनं अडचणीत इकलेली. ती बिनघोर घे."

सपना वडिलांच्या, बापूंच्या, गाडीवरून पोचली तेव्हा जवळा बाजारात आठवडी बाजार भरला होता. दोन दुकानांत पैंजणं आणि करगोट्यांखेरीज काही मिळालं नाही. तिसरं दुकान देविदास सराफांचं. त्यांनी मोडीचं ताट समोर सरकवलं आणि सपना त्यात मनगटापर्यंत हात घालून बसली.

"पोरी, विहिरीतला गाळ उपसून राहिली का?" सराफ म्हणाले.

"गाळातच घागर घावती, काका."

बापू हसले. "हिच्यासंगं बोलण्यात पडू नका शेठ. ढाल जिंकून आलीय ती."

आणि घावलीच! वाळ्यांच्या गुंत्याखाली डावी टोपली. घरच्या उजवीसारखीच नक्षी, तेवढ्याच घुगऱ्या. सपनानं श्वास रोखून कडी पाहिली. अख्खी! किंचित वाकलेली, पण कुठंही कापलेली नाही.

फक्त एक होतं. ताटातली बाकीची चांदी गार होती आणि ही टोपली कोमट. आत्ताच कुणाच्या गालावरून काढावी तशी. कडीत एक लांब पांढरा केस अडकला होता. सपनानं फुंकर मारून तो उडवला आणि बापूंना म्हणाली, "हीच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साडेबाराला स्टीलच्या डब्यातून आवाज आला. छुन्. छुन्. छुन्.

"उंदीर असंल," याडी भाकरी थापता थापता म्हणाली.

डब्याचं झाकण घट्ट होतं.

तिसऱ्या दिवशी सपनानं आरशासमोर ती टोपली आपल्याच केसांना अडकवली. फोटो काढायचा होता, दुसरं काय! मोबाइल वर धरला आणि घुगऱ्या आपोआप वाजल्या. पाठोपाठ तिची मान डावीकडं वळली, खिडकीकडं, रस्त्याकडं. तिनं वळवली नव्हती, आणि आता ती परत फिरेना. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी तिला पक्कं वाटू लागलं, की तिथून कुणीतरी यायचंच आहे. मग केसांत बोटं फिरली. खरखरीत, सावकाश, सवयीची बोटं. ओरडावं म्हटलं तर तोंडातून हवासुद्धा निघेना.

मान सुटली तेव्हा डाव्या कानामागं तीन बारीक वेण्या पडल्या होत्या. घट्ट आणि तेलकट. करडईच्या तेलाचा वास! त्यांच्या घरात ते तेल कधीच येत नव्हतं.

सपनानं वेण्या उसकटल्या आणि गप्प राहिली. तालुक्यात पहिली आलेली पोरगी असल्या गोष्टी सांगणार कुणाला? शिवाय टोपली तिनंच तर शोधली होती.

चौथ्या दिवशी याडीनं ताईला दोन्ही टोपल्या घालून पाहिल्या. "कशी लक्ष्मी दिसून राहिली माझी रुपा," ती म्हणाली, आणि तेवढ्यात डाव्या घुगऱ्या वाजल्या. उजव्या जागच्या हलल्या नाहीत. ताईची मान रस्त्याकडं वळली. चेहरा ताईचाच होता, पण आवाज एका थकलेल्या म्हाताऱ्या बाईचा निघाला.

"आजबी न्हाई उतरला."

याडीच्या हातातली फणी खाली पडली. ताई मात्र गडबडून दोघींकडं पाहू लागली. "काय झालं? काहून अशा बघून राहिल्या?"

मग सपनानं सगळं सांगितलं. वेण्या, तेल, पांढरा केससुद्धा.

"आत्ताच्या आत्ता वितळवून टाका," याडी म्हणाली.

"वितळवली तर ती बाई कुठं जाईल?" सपना म्हणाली. "कडी कापलेली न्हाई, याडी. म्हंजे तिच्या लेखी तिचा माणूस जित्ता हाय."

"अन् रुपाचं काय? लग्न तीन दिवसांवर आलंय. अर्ध्या शृंगारानं उभी करू का पोरीला?"

ताईनं शांतपणे डावी टोपली सोडवली आणि सपनाच्या ओंजळीत ठेवली. "मला दुसरीच्या माणसाची वाट बघत संसार करायचा न्हाई. जिची हाय तिला देऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सपना आणि बापू देविदास सराफांच्या दारात. सराफांनी डोकं खाजवलं.

"साखऱ्याकडच्या तांड्यातले दोघं भाऊ घेऊन आलते. हिरासिंगच्या बायकोची म्हणले, शकुंतलाबाईची. हिरासिंग त्यांचा भाऊच, सात वर्षांमागं कामाला गेला तो आला न्हाई, तर त्यांनी त्याचे दिवस घातले. बाई टोपली उतरवू देईना. वढाताणीत एकच हाती लागली, तीबी कडी न कापता, म्हणत होते."

बापूंनी गाडीला किक मारली. वाटभर सपनाच्या मुठीत टोपली तापत चालली होती.

साखऱ्याच्या अलीकडं फाट्यावर लिंबाखाली एक बाई बसली होती. उजव्या कानावर टोपली, डाव्या कानामागं तीन बारीक वेण्या आणि त्यांच्या टोकाला काहीच नाही. ती रस्त्याकडं पाहत होती. गाडी थांबली तरी मान वळली नाही, फक्त हात पुढं आला.

"आण, लेकरा. साडेबारा होत आले."

सपनानं टोपली त्या हातावर ठेवली. बाईनं न बघता ती वेण्यांत गुंफली. बोटं खरखरीत होती, सावकाश होती, आणि सपनाला ती ओळखीची होती. करडईच्या तेलाचा वास आला.

"काकी, तुमी रोज इथं..."

"ते मागनं इचार. आता येळ न्हाई मला."

वळणावर एसटी दिसली. या खेपेला दोन्हीकडच्या घुगऱ्या वाजल्या. गाडी थांबली, दार उघडलं. कंडक्टरनं आत मान वळवून हाळी दिली, "ओ पागोटेवाले बाबा, हाच फाटा. उतरा बिगीबिगी, किती येळ लावता!"

पायरीवर कुणी आलं नाही. तरी कंडक्टर अंग चोरून बाजूला झाला, कुणाला तरी वाट द्यावी तसा. मग त्यानं दार ओढलं, डबल बेल दिली आणि गाडी निघून गेली.

शकुंतलाबाई उठली. पदर सावरला. तांड्याच्या पायवाटेला ती कडेकडेनं चालू लागली, शेजारी माणसापुरती जागा सोडून. "किती वाळलास रे," म्हणत होती ती. "अन् डबा कुठं इसरलास?"

बापू अजून त्या पायवाटेकडंच बघत होते. गाडी सपनानंच वळवली.

लग्नात रुपाताई एकाच टोपलीनं उभी राहिली. बायांनी कुजबुज केलीच. एक मावशी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, नवरी एका कानाची का?"

"दुसरा कान मोकळा ठेवलाय, मावशी," सपना म्हणाली, "तुमची बोलणी ऐकायला."

सगळ्या खळखळून हसल्या, मावशीसुद्धा. तेवढ्यात वळणावर नवरदेवाच्या गाडीचा हॉर्न वाजला. सपनाचा हात झटकन ताईच्या उजव्या टोपलीवर गेला.

चांदी गार होती. घुगऱ्या गप्प होत्या. ताईनं रस्त्याकडं पाहिलं, पण जरा वेळानं, ओढणी नीट करून झाल्यावर, स्वतःच्या मर्जीनं.

सपनानं मात्र अजून आपले केस डाव्या कानामागं मोकळे सोडलेले नाहीत. तिथं रोज तीन बारीक वेण्या असतात. तिच्याच हातच्या. कधी शिकली, ते तिला सांगता येत नाही.