पांढऱ्या गाडीतलं हळदीचं पोतं

मी गाडीच्या डिकीतून बोलतोय. स्टेपनीच्या डोक्यावर घडी होऊन पडलोय, तेव्हा आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मी हळदीचं पोतं. माझ्यात आता हळद नाही, हे खरं. पण मला रिकामं म्हटलेलं खपत नाही. नाक लावून बघा, मग बोला.

जन्म माझा लांबचा, बंगालकडचा. तिकडे तागाच्या सुतळीतून मला विणलं आणि भावंडांबरोबर गठ्ठ्यात बांधून इकडे धाडलं. वसमतच्या एका दुकानातून भीमसिंगांनी मला उचललं. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला त्यांचा तांडा आहे, आणि तांड्याखाली हळदीचं शेत. घरात सगळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. सुरुवातीला मला त्यातलं काही कळेना, मग कान सरावले. तुमच्या सोयीसाठी त्यांचं बोलणं मी मराठीत सांगतो.

माझे चांगले दिवस म्हणजे हळदीचे दिवस. शिजवलेली, वाळवलेली, ड्रममध्ये घासून चकचकीत केलेली हळकुंडं माझ्या पोटात ठासून भरायची आणि दाभणानं माझं तोंड शिवायचं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ढीग ओतला की मी परत घरी. असे काही हंगाम मजेत गेले. मग एका उंदरानं माझा कोपरा कुरतडला आणि माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली. कधी कोंबडीची पिल्लं झाकायला मला काढायचे, कधी पाय पुसायला. पाय पुसणं मला कधीच आवडलं नाही, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात भीमसिंगांच्या पोरानं, रणजीतनं, जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्या सीटांवर दुधी रंगाची कव्हरं चढवली आणि हुकूम काढला, की चपला झटकल्याशिवाय कुणी आत बसायचं नाही. त्याची आई निर्मलाबाई तर पदर सावरून अशी बसायची, जणू सीट अंड्यांची आहे. आरशाला मणी, मागच्या काचेवर नाव, सगळे लाड झाले. फक्त उन्हाचा विचार कुणी केला नव्हता.

रणजीतची बहीण शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि त्यातही पोरगी वेळेआधीच जन्मली. एवढीशी. त्यात तिला कावीळ झाली. हिंगोलीच्या दवाखान्यात तिला निळ्या लाईटखाली ठेवलं होतं आणि शिवकन्या काचेबाहेरून नुसती बघत बसायची. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अखेर निरोप आला, कावीळ उतरली, घरी न्या.

ऐन मे महिना. निघताना भीमसिंगांनी मला खुंटीवरून काढून डिकीत टाकलं.

"हे पोतं काहून घेतलं बा?" रणजीत म्हणाला. "गाडी हाय ती, ट्रॅक्टर न्हाई."

"ऊन लई हाय."

"एसी हाय ना."

"एसी चालत्या गाडीत. उभ्या गाडीत कोण हाय?"

दवाखान्याच्या आवारात रणजीतनं डिकी झटकन लावून घेतली. चार लोकांत मी दिसलेलं त्याला नको होतं. मला वाईट वाटलं. पण तरणं पोरगं, त्याला गाडीची हौस, मी मनावर घेतलं नाही.

गाडी त्यानं लिंबाखाली लावली होती. माणसांचं एक बघून ठेवलंय मी. गाडी लावताना ती आत्ताची सावली बघतात, दुपारची बघत नाहीत. कागदपत्रं होईपर्यंत सावली भिंतीपलीकडे निघून गेली आणि गाडी उन्हात एकटी उभी राहिली. आत डिकीत मी भाजून निघालो. रणजीतनं दार उघडलं तेव्हा स्टेअरिंगला हात लावून त्यानं तो तसाच मागे ओढला.

पायरीवर शिवकन्या पोरीला छातीशी धरून उभी होती. तिच्याशेजारी शिला सिस्टर बजावत होत्या, "तापलेल्या गाडीत लेकराला बसवू नका. अन् पुन्हा पिवळं दिसलं तर लगेच आणा, वाट बघू नका."

भीमसिंगांनी एकीकडची काच खाली केली आणि पलीकडचं दार पंख्यासारखं उघड-झाक करत राहिले. आतली गरम हवा भस्सकन बाहेर आली. मग त्यांनी मला नळाखाली धरून चिंब केलं, पिळलं आणि मागच्या सीटवर अंथरलं. किती दिवसांनी मी असा भिजलो होतो! सीटची आग मी पिऊन घेतली. थोड्या वेळानं त्यांनी हात लावून बघितला, मला उचलून खिडकीत टांगलं आणि लेकीला म्हणाले, "बस आता, गार हाय."

मी किती फुगलो असेन, विचारू नका.

औंढ्याच्या रस्त्याला लागलो. शिवकन्या एक हात ओलसर सीटवर टेकून बसली होती. त्याच हातानं ती मधूनमधून पोरीच्या कपाळावरचा घाम टिपायची, गालावरून बोटं फिरवायची. पोरगी शांत झोपली होती. वाटेत गाडी थांबली, निर्मलाबाईंनी टोपडं जरा मागे सारलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बा!" शिवकन्या ओरडली. "पोरगी पिवळी पडली! बा, मागं हुती तशीच झाली!"

कपाळ पिवळं, गाल पिवळे, हनुवटीसुद्धा पिवळी.

मला लगेच कळलं. तो रंग माझा होता. सीटवरून तिच्या हाताला आणि हातावरून लेकराला लागलेला. मी खिडकीत फडफडत राहिलो, पण पोत्याचं फडफडणं वाऱ्याचंच असतं, असं सगळे समजतात. शिवकन्या रडतही नव्हती, पोरीला नुसती छातीशी आवळून बसली होती. निर्मलाबाई संत सेवालाल महाराजांचं नाव घेत होत्या. रणजीतनं गाडी वळवली. एवढा असहाय मी जन्मात झालो नव्हतो.

दवाखान्यात गाडी कशीतरी उभी करून सगळे आत धावले. उतरताना भीमसिंगांनी मला खिडकीतून ओढून खांद्यावर टाकलं होतं, त्यांना भानच नव्हतं. शिला सिस्टरनी पोरीचा डोळा हलकेच उघडून बघितला. बुबुळाभोवती पांढरं स्वच्छ. मग ओल्या कापसानं गाल पुसला. गाल गुलाबी निघाला, कापूस पिवळा. तो त्यांनी नाकाला लावला.

"अगं, ही कावीळ न्हाई. हळद हाय ही!"

डॉक्टरांनीही तपासलं आणि मान हलवली. सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. भीमसिंगांनी मला घाईघाईनं पाठीमागे लपवलं. तेव्हा मात्र शिवकन्येला रडू फुटलं आणि रडता रडताच हसूही. बापाच्या दंडाला धरून ती म्हणाली, "पार जीव गेला हुता ना बा माझा."

"चुकलंच माझं," ते पुटपुटले.

"चुकलं कशाचं?" सिस्टर म्हणाल्या. "अंग बघा लेकराचं, कसं गार हाय. असंच नेत जा. फक्त पुढच्या वेळी सोयाबीनचं पोतं आणा, बाबा!"

हसणं थांबलं तेव्हा रणजीतच्या ध्यानात आलं, की घाईत गाडी पुन्हा उन्हातच लावली आहे. तो जागचा उठला आणि बापाच्या हातून मला घेऊन नळाकडे गेला. धू-धू धुतलं मला. पाणी पिवळंच येत होतं. शेवटी त्यानं मला सगळ्या लोकांसमोर पुढच्या काचेवर पसरलं आणि सीटवर निर्मलाबाईंचं पिशवीतलं लुगडं घातलं.

त्याला आता बरेच उन्हाळे झाले. पोरगी सुट्टीला आली की गाडीत उड्या मारते. मी विरलोय, भोकं पडलीत. एखाद्या उन्हाळ्यात रणजीत मला झटकायला जाईल आणि मी त्याच्या हातात दोन तुकडे होईन. तक्रार नाही.

जाण्याआधी एवढंच मागतो. तापलेल्या गाडीची दारं उघडा, तिला श्वास घेऊ द्या, मग बसा. काचेवर पोतं टाका, चादर टाका, काहीही टाका. पण आमच्या भरवशावर लेकराला दोन मिनिटंसुद्धा बंद गाडीत ठेवून जाऊ नका. आम्ही ऊन अडवतो, आत लेकरू आहे हे हाक मारून सांगू शकत नाही. आणि त्यालाही सांगता येत नाही.